वतन, कुडमुडे आणि पाटी

जुन्या मराठी गावात ‘जोशी’ या एकाच नावाने ओळखली जाणारी माणसे दोन असत. त्यांतला एक गावातच राही. त्याचे घर चौसोपी असो वा कुडाचे, लग्नाची तिथी विचारावयास पाटलालाही त्याच्या ओसरीवर जावे लागे, आणि पेरणीची मूठ केव्हा धरावी, नव्या बैलजोडीच्या मानेवर पहिले जू केव्हा ठेवावे, सासुरवाशिणीची पाठवणी कोणत्या वारी करावी, हे त्याच्या तोंडून ऐकल्यावाचून गावाचे पाऊल पुढे पडत नसे. दुसरा वर्षाकाठी एकदा, बहुधा सुगीची रास घरात येऊन पडल्यावर, पहाटेच्या अंधारात वेशीतून आत येई. त्याच्याही काखेत पंचांग असे, परंतु त्याच्या आगमनाची वर्दी देई ते हातातले चिमुकले, मध्यभागी आवळलेले चर्मवाद्य, ज्याच्या दोरीची गाठ दोन्ही तोंडांवर आलटूनपालटून आपटली म्हणजे कुडमुड, कुडमुड असा नाद उठे. त्या वाद्याला कुडमुडे म्हणत आणि वाद्यावरून त्या माणसाला कुडमुड्या जोशी. मोल्सवर्थसाहेबाच्या कोशात तो ‘कुडबुड्या’ या रूपाने येऊन बसला आहे.

आज एखादा मनुष्य शहरात गाळा भाड्याने घेतो, दारावर आपल्या नावाची पाटी लावतो, एका बैठकीची फी ठरवतो आणि भविष्य सांगण्याचा व्यवसाय आरंभतो, तेव्हा तो आपली परंपरा बहुधा पहिल्या जोशाशी नेऊन भिडवतो. त्याच्या बैठकीत गणपतीची तसबीर असते, मेजावर पंचांग आणि कुंडल्यांच्या वह्या असतात, बोलण्यात संस्कृत श्लोक असतात. तरीही या धंद्याची वंशावळ मागे मागे वाचीत गेले असता मला असे निःशंकपणे वाटू लागले आहे की, त्याच्या अंगावरचा पोशाख ग्रामजोशाचा असला तरी त्याच्या हाताला सवय आहे ती कुडमुड्याची. कारण ग्रामजोशी काळ सांगत असे, आणि माणसाचे भविष्य सांगून पोट भरणे हा उद्योग मुख्यत्वे कुडमुड्याचा, पिंगळ्याचा आणि नंदीबैलवाल्याचा होता. या दोहोंतला भेद इतिहासाच्या ग्रंथांतून पुरेसा स्पष्ट झालेला नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो.

ग्रामजोशी हा बलुतेदार होता. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांच्या मालिकेतच त्याची गणना होई, आणि बलुत्याच्या थोरली, मधली, धाकटी अशा ज्या तीन ओळी सांगतात त्यांपैकी धाकट्या ओळीत त्याला बहुतेक याद्या बसवतात. ब्राह्मण म्हणून त्याचा मान पहिला, पण खळ्यावरच्या धान्याच्या वाटणीत त्याचे माप धाकटे, ही गोष्ट गावगाड्याच्या व्यवहारबुद्धीची साक्ष देते. कारण लोहाराच्या फाळावाचून नांगर चालत नाही, तिथीवाचून तो कदाचित चालला असता. त्याच्या कामाला जोशीपण अथवा जोशकी म्हणत, आणि पुष्कळ ठिकाणी हे जोशीपण व कुळकर्ण एकाच घराण्यात एकवटलेले असून जुन्या कागदांत त्याचा ‘जोसकुळकर्ण’ असा एकत्रच निर्देश येतो. हे वतन होते, आणि वतन म्हणजे मिळकत. ती बापाकडून मुलांकडे जाई, भावांत तिच्या तक्षिमा पडत, एका भावाने एक वर्ष आणि दुसऱ्याने दुसरे अशा पाळ्या लागत, अडचणीच्या वेळी ती गहाण पडे, आणि तिच्यावरून तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभा बसून महजर होई, ज्याच्यावर पाटलाच्या नांगरापासून सुताराच्या किंकऱ्यापर्यंत गावकऱ्यांच्या निशाण्या उमटत. या साऱ्या कज्ज्यांत वादाचा विषय वडिलार्जित भोगवटा हा असे. कोणत्या जोशाचे गणित अधिक बरोबर येते हा प्रश्न पंचांपुढे सहसा येतच नसे.

तथापि त्याच्याजवळ विद्या नव्हती असे मात्र नव्हे, आणि हल्ली जी एक सरसकट हेटाळणी कानी पडते तीत सहभागी होण्यास माझे मन धजत नाही. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावी राहणाऱ्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, ‘ग्रहलाघव’ नावाचा करणग्रंथ रचला. तो रचताना त्याने ज्या आणि चाप यांची किचकट गणिते अजिबात वगळून, अकरा अकरा वर्षांची चक्रे कल्पून, साध्या गुणाकार-भागाकारांनी ग्रहांची स्थाने काढता येतील अशी युक्ती बसवली. या एका ग्रंथाने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतील जोशांच्या हाती धूळपाटीवर मांडता येईल असे आकाश दिले, आणि पुढली सुमारे चारशे वर्षे येथील पंचांगे त्याच्याच आधाराने निघत राहिली. एका कोकणी गणितज्ञाने सिद्धान्त सुलभ करावा आणि त्याने शेकडो गावांची दिनचर्या नियमित व्हावी, हा आपल्या विद्येच्या इतिहासातील एक मोठा प्रसंग आहे. तो शाळेच्या पुस्तकात का नसावा, हे मला आजवर उमगलेले नाही.

गावाला घड्याळ नव्हते तेव्हा जोशी हेच घड्याळ होते. लग्नाच्या मांडवात पाण्याने भरलेल्या भांड्यात तो तांब्याची, बुडाशी बारीक छिद्र असलेली वाटी सोडी. ती भरून बुडाली म्हणजे एक घटिका झाली, आजच्या मापाने चोवीस मिनिटे, आणि अशा साठ घटिकांचा अहोरात्र. वाटी बुडण्याकडे साऱ्या मांडवाचे डोळे लागलेले असत, आणि अंतरपाट धरलेल्या हातांना रग लागली तरी तिच्यापुढे कोणाची घाई चालत नसे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभी राहिली आणि कडुनिंबाची पाने चावून झाली म्हणजे चावडीवर वा देवळात गाव जमे, आणि जोशी नव्या संवत्सराचे फल वाची: या वर्षी राजा कोण, मंत्री कोण, मेघांचा अधिपती कोण, मृगाचे वाहन बेडूक की कोल्हा, पर्जन्य किती आढक. नीट पाहिले तर या वाचनात कोणा एका माणसाचे नशीब नव्हते. सारा गाव एका पावसाखाली आहे, त्याचे भविष्यही एकच आहे, असे मानून ते वाचले जाई. व्यक्तीच्या वाट्याला येई ती जन्माच्या वेळी मांडलेली टिपणाची एक गुंडाळी, आणि तीही ऐपत असणाऱ्यांच्याच. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, ६ जून १६७४ च्या पहाटे, रायगडावर शिवछत्रपतींना अभिषेक झाला तो मुहूर्त पाहणाऱ्यांचे आणि खेड्यातल्या कुणब्याला पेरणीचा दिवस सांगणाऱ्याचे काम जातीने एकच होते. उचित क्षण कोणता, एवढेच ते सांगत. पुढे काय घडेल याचे उत्तरदायित्व त्यांच्यावर नव्हते.

परंतु या व्यवस्थेला एक काळी बाजू होती, आणि ती सांगितल्यावाचून पुढे गेलो तर इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. वतनाचा हक्क सेवेवर अवलंबून नव्हता. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या लग्नाची तिथी जोशी सांगे, तिचा मोबदला घेई, आणि लग्नाला मात्र जात नसे. इतरांच्या घरी जन्म, बारसे, लग्न, मृत्यू, वास्तू, श्राद्ध, ग्रहण, संक्रांत अशा प्रत्येक निमित्ताने त्याचा हक्कलाजिमा निघे, आणि यजमानाला दुसरा भटजी अधिक पसंत असला तरी पहिल्याचे देणे चुकत नसे. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली ‘ब्राह्मणांचे कसब’ लिहिले आणि १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, तेव्हा शेतकऱ्याच्या घरातून धर्माच्या नावाने वर्षभर काय काय निघून जाते याची त्यांनी मांडलेली जंत्री कल्पनेतून आलेली नव्हती.

आता दुसऱ्या जोशाकडे वळतो, कारण माझ्या मते खरी कथा त्याची आहे.

कुडमुड्या जोशाला सनद नव्हती, इनाम जमीन नव्हती, खळ्यावर हक्काचे माप नव्हते. त्याच्या धंद्याला लागणारे भांडवल एका झोळीत मावे: ते वाद्य, पंचांग, कपाळाला लावावयाचे गंध, आणि अंगावर धोतर, अंगरखा, उपरणे, पागोटे, जी मळकी असली तरी ठाकठीक असत, कारण दारात उभा राहिलेला माणूस जोशी दिसला पाहिजे, हा त्या धंद्याचा पहिला दंडक होता. पण यापेक्षा मोठे आणि डोळ्यांना न दिसणारे भांडवल म्हणजे भिक्षेची गावे. भटक्या भिक्षुकांच्या जमातींत कोणत्या कुळाने कोणती गावे मागावी याचे वाटप झालेले असे, ते बापाकडून मुलांना मिळे, आणि एकाने दुसऱ्याच्या गावात पाय घातल्यास तो तंटा जातपंचायतीपुढे जाई. नगर जिल्ह्यातील मढीला कानिफनाथाच्या यात्रेत अनेक भटक्या जमातींच्या अशा पंचायती भरत. म्हणजे ज्याला सरकारदरबारी कधी वतन मिळाले नाही त्याने आपल्यापुरते एक अलिखित वतन निर्माण केले होते. भेद एवढाच, आणि तो फार मोठा, की ग्रामजोशाच्या वतनाने यजमानावर देण्याची सक्ती येई, तर कुडमुड्याच्या वाटपाने केवळ दुसरा कुडमुड्या दूर राही. त्या गावात गेल्यावर दार उघडणे किंवा न उघडणे हे सर्वस्वी घरधनिणीच्या मर्जीवर होते.

त्या मर्जीवरच त्याची सारी कला उभी होती. तो पहाटे येई यालाही कारण होते. त्या वेळी पुरुष अद्याप निजलेले किंवा गोठ्यात, आणि बाई जात्यावर असे. जात्याची घरघर थांबे, दार किलकिले होई, आणि अंधारात उभा राहिलेला तो अनोळखी मनुष्य तिच्याशी अशा विषयावर बोलू लागे ज्याविषयी त्या घरात तिला कोणीही कधी विचारलेले नसे: मनात एक घोर आहे, तो कोणापाशी बोलवत नाही, हात देणारा आहे पण हाताला यश नाही, एक माणूस जवळचे म्हणवते आणि आतून जळते, येत्या आषाढापर्यंत जपावे, मग दिवस पालटतील. ही वाक्ये कोणत्याही घराला लागू पडतात, हे खरे. तरीही ती कोणत्या घरी कोणत्या क्रमाने म्हणावी, कोठे थांबावे, बाईच्या सुस्काऱ्यावरून पुढचा शब्द कोणता घ्यावा, हे कळावयास पिढ्यान्पिढ्यांचा सराव लागतो, आणि तो सराव मुलगा सात-आठ वर्षांचा असल्यापासून बापामागे झोळी घेऊन हिंडताना मिळवीत असे. गेल्या वर्षी या घरी पाळणा हलत होता, तेल्याच्या आळीत दोन भाऊ वेगळे झाले, पलीकडच्या वाडीत सून माहेरी गेली ती परतली नाही, असे गावाचे एक सबंध दफ्तर तो मनात बाळगून असे. मोबदला म्हणून सुपातले पसाभर धान्य, पळीभर तेल, एखादे जुनेर मिळे. आणि बोल फार खोल लागला असेल तर एखादा पैसा.

त्याचेच भाईबंद अनेक. पिंगळा हाती कंदील आणि काखेला झोळी घेऊन ब्राह्म मुहूर्तावर येई. पिंगळा नावाच्या लहानशा घुबडाची बोली आपल्याला कळते, आणि रात्री त्या पक्ष्याने जे सांगितले तेच आपण सांगतो, अशी त्याची ख्याती असे. नंदीबैलवाला दिवसा येई, आणि प्रश्नाला सजवलेल्या बैलाने होकाराची मान हलवली की अंगणातली पोरे हर्षाने ओरडत. सहदेव जोशी पावसापाण्याचे आणि शकुनांचे ठोकताळे सहदेव-भाडळीच्या नावावर सांगत. आज महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘जोशी’ या एका नोंदीखाली बुडबुडकी, डमरूवाले, कुडमुडे, मेढंगी, सरोदे, सहदेव जोशी अशी नावे ओळीने लागलेली दिसतात. यादी करणाऱ्याने त्यांना एका कंसात बसवले, पण रानावनातून हिंडताना ती प्रत्येक एक निराळी युक्ती, निराळा वेष आणि निराळी वेळ घेऊन जगत होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या असामान्य ग्रंथात या फिरस्त्यांसाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि कुणब्याच्या राशीवर या साऱ्यांचा किती भार पडतो ते कठोरपणे दाखवले आहे. आत्र्यांच्या निरीक्षणापुढे मी नेहमीच नम्र होतो. तरी एवढे म्हणावेसे वाटते की, भार मोजताना त्यांनी धान्य मोजले, आणि त्या पहाटेच्या चार शब्दांनी जात्यावरच्या बाईचा दिवस किती हलका होई ते मोजण्याचे माप त्यांच्यापाशी नव्हते. माझी आजी पिंगळ्याला कधीही विन्मुख पाठवीत नसे. त्याने सांगितलेले खरे झाले का, असे मी विचारले असता ती म्हणाली, “अरे, खरंखोटं कोण बघतंय? त्यानं विचारलं तरी.”

एकोणिसाव्या शतकात या दोन्ही जोशांच्या पायाखालची जमीन हलली, पण निरनिराळ्या रीतीने. पहिला आघात छापखान्याचा. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापखाना काढून त्या शतकाच्या दुसऱ्या चरणात छापील पंचांग बाजारात आणले, आणि जे गणित जोशी पावसाळ्यात बसून हाताने करी अथवा शहरातून नकलून आणी, ते आता थोड्या पैशांत कोणाच्याही हाती येऊ लागले. तिथी पाहण्यापुरता तरी जोशी अनावश्यक झाला. त्यातच पुढे गणित कोणाचे खरे हा वाद उभा राहिला; केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहलाघवातील अंतरे दाखवून आधुनिक वेधांशी जुळणारे पंचांग सिद्ध केले, ते १८६५ पासून निघू लागले आणि पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले; लोकमान्य टिळकांनी हाच प्रश्न हाती घेऊन १९०४ मध्ये मुंबईस, १९१७ मध्ये पुण्यास आणि १९२० मध्ये सांगलीस पंचांगशोधनाच्या परिषदा भरवल्या. एकाच एकादशीला दोन घरी दोन दिवस उपास होऊ लागले, आणि गावाचा काळ एका तोंडून येतो ही जी ग्रामजोशाची मूळ सत्ता, ती तेथेच संपली.

दुसरा आघात कायद्याचा, आणि तो अधिक खोल. इंग्रजी अंमलात वतनदार जोशी आपला हक्क घेऊन दिवाणी कोर्टात जाऊ लागला, आणि मुंबई हायकोर्टाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा हक्क मानलाही. परका भटजी बोलावला तरी वतनदाराची दक्षिणा बुडत नाही, असे निकाल झाले. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि ब्राह्मणावाचून लग्ने लागू लागली, तेव्हा या निकालांची खरी धार दिसली. जुन्नर तालुक्यातील ओतूर गावी असा विवाह झाल्यावर ग्रामजोशाने लावलेला दावा हायकोर्टापर्यंत पोहोचला, आणि सत्यशोधक मंडळींनी तो नेटाने लढवला. माणसाने आपल्या मुलीचे लग्न आपल्या हातांनी लावावे आणि त्याबद्दल त्याच्यावर समन्स यावे, ही गोष्ट आज वाचतानाही मन अस्वस्थ करते. अखेर १९२६ साली मुंबई कायदेकौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने जोशी वतनाचे बिल संमत झाले, आणि ज्याची सेवा घेतली नाही त्या पुरोहिताला दक्षिणा देण्याचे बंधन नाहीसे झाले. हे तेच बोले, ज्यांनी १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला होता. पाण्याचा ठराव इतिहासाने लक्षात ठेवला; जोशी वतनाचा कायदा मात्र विस्मृतीत गेला आहे. वास्तविक त्याने शतकानुशतकांचा एक संबंध मुळापासून पालटला. त्या दिवसापासून महाराष्ट्रातील प्रत्येक जोशाला, मग तो कितीही जुन्या घराण्यातला असो, गिऱ्हाईक मिळवावे लागणार होते.

आणि गिऱ्हाईक कसे मिळवावे हे ग्रामजोशाला ठाऊकच नव्हते. ते ठाऊक होते कुडमुड्याला.

शहरात जे घडले ते या दृष्टीने पाहावे. गिरणगावातल्या चाळींत घाटावरून आणि कोकणातून आलेला मनुष्य आपला जोशी, आपला पिंगळा आणि आपल्या देवळातला कौल मागे ठेवून आला होता. कोकण्याचा तो कौल, जेथे गुरव देवाच्या अंगावर फुलांचे कळे लावी आणि उजवा पडला की डावा यावर साऱ्या घराण्याचे श्वास अडकत, त्याला गिरणीच्या पाळीत जागा नव्हती. पण नोकरी टिकेल का, गावच्या जमिनीचा दावा सुटेल का, पोराला पटकी झाली आहे ते वाचेल का, हे प्रश्न तर दुप्पट झाले होते. त्या प्रश्नांच्या शोधात भविष्यवादी रस्त्यावर बसले. पोपटवाल्याने पिंजऱ्यापुढे पाकिटांची ओळ मांडली. कोणी रमलाचे फासे घेऊन बसला, जी विद्या अरबी-फारशी वाटेने आपल्याकडे आली. कोणी हाताचे चित्र काढलेला फलक भिंतीला टेकवला. यांच्यापेक्षा थोडी ऐपत असलेल्याने जिन्याखालची खोली घेतली आणि पाटी लावली. ग्रामजोशाच्या घरावर पाटी कधीच नव्हती, तिचे प्रयोजनच नव्हते; पाटी म्हणजे शहराने बोलावयास शिकवलेले कुडमुडे. पुढे वृत्तपत्रे आली आणि तो नाद आणखी दूर जाऊ लागला. पत्राने जन्मवेळ पाठवा, व्ही. पी. ने कुंडली मागवा, अशा जाहिराती निघाल्या, साप्ताहिक राशिभविष्याचे रकाने सुरू झाले, आणि बारा राशींत सारा महाराष्ट्र वाटून देऊन प्रत्येकाला चार ओळींचा पसा मिळू लागला. त्या चार ओळींची घडण कानावर घेऊन पाहा: मनाची घालमेल, आप्तांकडून मनस्ताप, आठवड्याच्या उत्तरार्धात दिलासा. जात्यावरच्या बाईला पहाटे जे ऐकू येई तेच हे, छापून आलेले.

पंचांगाचा जुना अधिकारही याच काळात घराघरांत निराळ्या वाटेने परतला. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले आणि तिथी, सण, उपास भिंतीवरच्या एका खिळ्याला टांगले गेले. काळ सांगण्याचे काम दिनदर्शिकेने घेतले. पाटीमागे बसलेल्या माणसाकडे मग उरले ते फक्त भविष्य, आणि भविष्याच्या जोडीला ऐकून घेणे.

आजचा व्यवसाय ज्याला आरंभावयाचा आहे त्याच्या पहिल्या वर्षाचे वर्णन मी अशा दोघातिघांकडून ऐकले आहे. कोणी शाळेतील नोकरी सांभाळून संध्याकाळी बसत होता, कोणी गणित चोख असूनही पहिल्या सहा महिन्यांत भाडे निघेना म्हणून खोली सोडून घरच्याच गॅलरीत बैठक घातली होती. सर्वांच्या बोलण्यात एक गोष्ट समान होती: पहिली गिऱ्हाइके नात्यातली, ती पैसे देत नाहीत, मग कोणा एकीचे लग्न जमते, ती चार जणींना सांगते, आणि तेथून धंदा पायावर उभा राहतो. फीचा आकडा तोंडाने मागावयास सर्वांनाच जड जात होते. “दक्षिणा म्हणून पाटाखाली ठेवा म्हणायचो, तर लोक अकरा रुपये ठेवून जायचे,” असे एकाने सांगितले, आणि मला त्या वाक्यात दोन जोशांची ती जुनी ओढाताण स्पष्ट ऐकू आली. हक्काची दक्षिणा मागण्याची जीभ वतनाबरोबर गेली, आणि पसा पसरण्याची सवय अद्याप अंगी आलेली नाही.

या भविष्यांत तथ्य किती, हा प्रश्न टाळणे योग्य नव्हे. पुण्यात २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी यांनी एक परीक्षा योजली: काही कुंडल्या हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या, केवळ कुंडली पाहून मूल कोणत्या गटातले ते ओळखावयाचे. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्यांची उत्तरे पाठवली, आणि बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली, म्हणजे नाणे उडवून जे येईल त्याहून अधिक नव्हे. मला या निष्कर्षाविषयी शंका नाही, आणि कुंडलीच्या भरवशावर कोणी औषधोपचार थांबवावा अथवा मुलीचे जमलेले लग्न मोडावे, हे मी पाप समजतो. तरीही इतिहास लिहिणाऱ्याला त्या आकड्याशेजारी दुसरी एक गोष्ट मांडावी लागते, की या धंद्याचे पोट भाकिताच्या खरेपणावर केव्हाच चाललेले नव्हते. ग्रामजोशाचे चालले वतनावर, आणि कुडमुड्याचे दारातल्या बाईच्या न विचारल्या गेलेल्या प्रश्नावर.

डॉ. दाभोलकरांच्या निर्घृण हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अघोरी प्रथांना दंड सांगणाऱ्या त्या कायद्याने काही गोष्टी आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत, आणि त्यांत जोशी-ज्योतिषी व नंदीबैलवाले ज्योतिषी यांनी दिलेल्या सल्ल्याचा नावानिशी उल्लेख आहे. ज्याच्याजवळ कोणत्याही काळी सनद नव्हती त्या नंदीबैलवाल्याचे नाव राज्याच्या कायद्यात आले ते असे, आणि तोपर्यंत त्याच्या बैलाला गावात उभे राहावयास गायरानही उरलेले नव्हते. कुडमुड्यांची मुले आता शाळेत आहेत, काही भंगाराच्या धंद्यात, काही मजुरीवर. जातीचा दाखला काढावयास वडिलांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि ज्याचे घर पिढ्यान्पिढ्या पालात होते त्याने तो कोठून आणावा, या एका प्रश्नापाशी त्यांची कित्येक वर्षे अडकून पडली आहेत.

गेल्या कार्तिकात आमच्या वसाहतीच्या फाटकाशी पहाटे कुडमुड्याचा नाद ऐकून मी खाली उतरलो. पागोटे, उपरणे, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पंचांग. वय साठीच्या पुढचे. रखवालदाराने त्याच्यापुढे नोंदवही सरकवली होती, कारण नियमाप्रमाणे आत येणाऱ्याने आपले नाव, वेळ आणि कोणाकडे जावयाचे त्या घराचा क्रमांक लिहिला पाहिजे. म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हते. रखवालदार मुलगा सभ्य होता, त्याने स्वतः लेखणी घेतली, नाव लिहिले, वेळ लिहिली, आणि विचारले, “बाबा, कुणाकडं जायचंय?” म्हातारा त्या उंच इमारतीच्या अंधाऱ्या खिडक्यांकडे थोडा वेळ पाहत राहिला, आणि म्हणाला, “सगळ्यांकडं.”